सतरा नंबरची तहान

समजा, रोज सकाळी सात वाजता तुम्हाला काचेच्या चार खोल्यांत फिरून दोनशे चाळीस कुंड्या उचलायच्या आहेत. एक कुंडी ओट्यावरून उचलायची, काट्यावर ठेवायची, आकडा वाचायचा. कुंडीवर एक चिठ्ठी डकवलेली असते, तिच्यावरही एक आकडा असतो. काट्याचा आकडा चिठ्ठीच्या आकड्याला मिळेपर्यंत झारीने पाणी घालायचं. किती घातलं ते वहीत लिहायचं, कुंडी परत जागेवर ठेवायची, पुढची उचलायची. एकेक कुंडी साडेपाच-सहा किलोची. शेवटची खाली ठेवेपर्यंत तुम्ही चौदाशे किलो उचललेले असतात आणि त्या कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपाने तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. उद्या पुन्हा पहिल्या कुंडीपासून सुरुवात.

हे बावीस वर्षं करा आणि मग सांगा, तुमचं झाडांवर प्रेम आहे का.

मावशींचं नव्हतं. रोपांच्या संशोधनाच्या त्या संस्थेत सगळे त्यांना मावशीच म्हणत, आणि त्यांना तेही आवडत नसे. "माझ्या बहिणीची पोरं आहात का तुम्ही?" असं त्या नव्याने आलेल्या प्रत्येकाला एकदा विचारत. समोरचा ओशाळून हसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मावशीच म्हणे. दुसरं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नाही, म्हणून इथेही मावशीच.

त्या आधी औषधांच्या गोळ्या भरायच्या कारखान्यात होत्या. तिथे दिवसभर पाकिटं मोजली. इथे आल्यावर कुंड्या. दोन्हीकडे त्यांना एकच गोष्ट कळली, की मोजणारा माणूस वेगळा असतो आणि मोजलेल्यावर भाषण करणारा वेगळा.

भाषण करायला मोठे सर होते. संस्थेत पाहुणे आले की सर त्यांना चारही खोल्यांतून फिरवत. पहिल्या खोलीत रोपांना सगळं मनासारखं, हवाही बेताची आणि पाणीही भरपूर. दुसरीत हवा तापवलेली, पण पाणी भरपूर. तिसरीत हवा बेताची, पण पाणी तोडलेलं. आणि चौथीत दोन्ही, उकाडाही आणि तहानही. आधीच्या माळ्याने पहिल्या खोलीला माहेर आणि चौथीला सासर अशी नावं ठेवली होती. तो गेला, नावं राहिली. मावशींना ती मूर्खपणाची वाटत. माहेरी रोज उठून वजन कोण करतं?

"पानांच्या पाठीला बारीक तोंडं असतात," सर पाहुण्यांना सांगत. "उकाडा झाला की रोप ती उघडतं, वाफ सोडतं आणि स्वतःला थंड करतं. तहान लागली की मिटतं, पाणी वाचवतं. आता या चौथ्या खोलीत बघा. उकाडा म्हणतो उघड, तहान म्हणते मीट. काय करील बिचारं? इथे एक अधिक एक दोन होत नाहीत. तीन होतात!"

पाहुणे हसत. सर दरवेळी तेवढंच थांबत. मावशी झारी भरत उभ्या असत आणि मनात म्हणत, अहो, हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. नुसत्या उकाड्यातली रोपं पाणी पिऊन टवटवीत उभी असतात. नुसत्या तहानेतली बारकी राहतात, पण जगतात. चौथ्या खोलीत मात्र पानांच्या कडा कागदासारख्या वाजतात. ते कळायला सूट घालावा लागत नाही, कुंडी उचलावी लागते.

एकदा एक पाहुण्या बाई चौथ्या खोलीत डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, "किती सोसतात ही! आपण यांच्याकडून धीर शिकायला हवा."

"दार उघडं ठेवून बघा," मावशी म्हणाल्या. "पाय असते तर एक थांबलं नसतं."

सरांनी त्यानंतर पाहुणे आले की मावशींना चहाची सुट्टी द्यायला सुरुवात केली.

पण मावशींचं मत पक्कं होतं. बाहेर व्हरांड्यात फरशीच्या भेगेतून उगवलेल्या रोपट्याचं एक मोठं चित्र लावलेलं होतं, खाली लिहिलं होतं 'जिद्द'. त्याच्याकडे बघून मावशी रोज नाक मुरडत. पळता येत नाही म्हणून उभं राहिलंय, आणि याला म्हणे जिद्द.

घरी तर याहून वाईट. नवरोबा निवृत्त झाल्यापासून त्यांनी गॅलरीत गुलाब लावले होते. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी गप्पा आणि पाणी. महिन्याला एक गुलाब मरे.

"अगं, काल तर चांगला होता," नवरोबा म्हणत.

"बुडाला तो. पोहता येत नव्हतं त्याला."

"तू एवढी रोपांच्या कामात, जरा सांगत जा की."

"सांगितलं ना. पाणी कमी घाला."

"त्याच्याकडे बघून राहवत नाही गं."

ज्या माणसाला राहवत नाही त्याच्या हाती झारी देऊ नये, एवढं साधं तत्त्व बावीस वर्षांत त्यांनी पाळलं होतं. त्यांना रोपांकडे बघून सगळं राहवत होतं. म्हणून तर त्यांच्या हातून एकही कुंडी कधी चुकली नव्हती. काटा सांगेल तेवढं पाणी. रोपाने मान टाकली तरी तेवढंच, आणि सरांनी मान हलवली तरी तेवढंच. आयुष्यात स्वतःचं म्हणून अभिमान धरावा अशी ही एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि तीही त्या कुणाला सांगत नसत.

त्या वर्षी टोमॅटोचे वीस वाण आले होते. प्रत्येक खोलीत प्रत्येक वाणाच्या तीन कुंड्या. उकाडा आणि तहान एकत्र आल्यावर जो वाण टिकेल तो पुढे जाणार, बाकीचे बाद. सरांचा जीव चार नंबरवर होता. चार नंबर बुटका, गोल, आज्ञाधारक. सतरा नंबर त्याच्या उलट, पहिल्या तीन आठवड्यांत नुसता फोफावलेला, जाड खोडाचा, शेजारच्या कुंडीवर फांद्या टाकणारा. मावशींना तो उचलताना तोंडावर पानं येत. त्या त्याला धटिंगण म्हणत.

मग पाणी तोडलं, उकाडा वाढवला. सहाव्या आठवड्यात चौथ्या खोलीत चार नंबर बऱ्यापैकी हिरवा होता आणि धटिंगणाने मान टाकली होती. मोठे सर खुशीत होते. शुक्रवारी अहवाल जायचा होता.

सोमवारी छोट्या मॅडम मातीतला ओलावा मोजायला आल्या. सरांच्या हाताखाली त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध सात वर्षं चालू होता. दोन सुया मातीत खुपसायच्या, यंत्रावर आकडा येतो. त्यांनी चार नंबरच्या मातीत सुया खुपसल्या, सतरा नंबरच्या खुपसल्या, पुन्हा खुपसल्या. चष्मा पुसला. मग सरळ सरांकडे गेल्या.

दहा मिनिटांत मावशींना बोलावणं आलं.

"मावशी, बसा," सर म्हणाले. बसा म्हटल्यावरच मावशींनी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. बावीस वर्षांत त्यांना त्या खोलीत कुणी बसायला सांगितलं नव्हतं. "चौथ्या खोलीत कुंडीतल्या मातीत किती पाणी राहायला हवं?"

"सहाशे ग्रॅम."

"चार नंबरमध्ये पाचशेच्या जवळ आहे. ठीक आहे, उन्नीस-बीस चालतं. सतरामध्ये किती असेल?"

"काटा म्हणतो तेवढं."

"अडीचशेसुद्धा नाही, मावशी." सरांनी वही उघडली. "आणि हे तुमचंच अक्षर. गेले दोन आठवडे सतराला तुम्ही रोज इतरांपेक्षा कमी पाणी घातलंय."

"कुंडी चिठ्ठीच्या आकड्याला पोचली की मी थांबते. पाच हजार सहाशे. सतरालाही तेच, चारलाही तेच."

"मग पाणी गेलं कुठे?"

छोट्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

सरांचा आवाज मऊ झाला. मावशींना तो मऊ आवाज ओरडण्याहून जास्त लागला. "हे बघा, वय होतं. हात दुखतात, डोळा चुकतो. मी तुम्हाला काही बोलत नाही. फक्त अहवालात एक ओळ टाकावी लागेल, की पाणी देण्यात हयगय झाल्याने सतरा नंबरचे आकडे वगळले. चार नंबर तसाही पुढे आहे. कुणाचं काही बिघडत नाही."

"माझं बिघडतं," मावशी म्हणाल्या.

"तुमचं नाव नाही घालत हो."

"पाणी घालणारं दुसरं कोण आहे इथे?"

सरांनी वही मिटली.

त्या संध्याकाळी घरी मावशींनी भाजी न चिरता ठेवली आणि गॅलरीत जाऊन नवरोबांच्या एका ओल्या गच्च कुंडीत बोट खुपसून बसल्या. नवरोबा दारात उभे राहिले.

"काय झालं?"

"हयगय झाली म्हणे माझ्याकडून."

नवरोबा हसायलाच लागले. "तुझ्याकडून? अगं, तू तर भातातलं मीठसुद्धा काट्यावर तोलून घालतेस."

त्यांच्या सबंध संसारात नवरोबांनी काढलेलं हे पहिलं कामाचं वाक्य होतं, असं मावशींना वाटलं. पण त्याने उत्तर मिळत नव्हतं. पाणी घातलं होतं. काटा बरोबर होता. दर सोमवारी त्या पाच किलोचं पितळी वजन ठेवून तो तपासत. आणि तरी मातीत पाणी नव्हतं. तिन्हींपैकी एक गोष्ट खोटी असायला हवी होती, आणि त्यांना तिन्ही खऱ्या दिसत होत्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी कुंड्या उचलायला सुरुवात केली. चौथ्या खोलीत चार नंबरची पहिली कुंडी. उचलली, काट्यावर ठेवली, पाणी घातलं, पाच हजार सहाशे. परत नेली. मग सतराची. उचलली, ठेवली, पाणी घातलं, पाच हजार सहाशे. परत नेताना कुंडी त्यांच्या हातात डुलली.

त्या थांबल्या. सतरा खाली ठेवली आणि पुन्हा चार नंबर उचलली. ती डुलत नव्हती. तिचं वजन तळाशी बसलं होतं, तळहातावर. सतराचं वजन वर होतं, मनगट पिरगाळत होतं, काठीच्या वरच्या टोकाला भरली टोपली बांधावी तसं. काट्याला दोन्ही सारख्याच. हातांना नव्हत्या.

मावशींनी सतरा पुन्हा उचलली. पुन्हा चार. पुन्हा सतरा. मग कुंडी काट्यावरच ठेवली आणि झारी खाली टाकून, हात पुसत, तशाच सरांच्या खोलीत गेल्या.

"चौथ्या खोलीत या," त्या म्हणाल्या. "दोघंही. आणि कात्री आणा."

"कात्री कशाला?" छोट्या मॅडमनी विचारलं.

"या तर."

त्या खोलीत उभं राहिलं की दोन मिनिटांत पाठ भिजते. सर रुमालाने मान पुसत म्हणाले, "लवकर सांगा."

"चिठ्ठीवरचा आकडा कधी लिहिला होता?"

"रोप लावलं त्या दिवशी," मॅडम म्हणाल्या. "कुंडी आणि कोरडी माती मिळून पाच किलो, वर सहाशे ग्रॅम पाणी."

"त्या दिवशी रोप केवढं होतं?"

"बोटाएवढं. दोन-तीन ग्रॅम असेल."

"आणि आता?"

मॅडमनी सतराकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. सरांच्या चेहऱ्यावर अजून काही चढलं नव्हतं.

"कापा," मावशी म्हणाल्या.

"प्रयोग चालू असताना रोप कापायचं नसतं, मावशी," सर म्हणाले. "एक रोप कापलं की तीनातल्या एकाचे आकडे गेले."

"ते तुम्ही वगळताच आहात ना?"

मॅडमनी कात्री पुढे केली, पण स्वतः कापेनात. सात वर्षांत त्यांनी एक पानसुद्धा वेळेआधी तोडलं नव्हतं. मावशींनी कात्री घेतली. सतराचं खोड मातीलगत पकडलं. त्यांना वाईट वाटलं नाही, का वाटावं? धटिंगण तो. कच्चकन आवाज झाला आणि अख्खं रोप त्यांच्या हातात आलं, कोमेजलेलं आणि तरीही जड.

काट्याचा आकडा खाली आला होता. पाच हजार दोनशे चाळीस.

मावशींनी कुंडी उतरवली आणि रिकाम्या काट्यावर रोप ठेवलं. तीनशे साठ.

मग छोट्या मॅडमनी स्वतःहून कात्री उचलली, चार नंबरचं एक रोप कापलं आणि काट्यावर ठेवलं. एकशे दहा.

"म्हणजे," मॅडम हळूच म्हणाल्या, "रोप वाढेल तसं त्याचं स्वतःचं वजन पाण्याच्या वाट्यातून कापलं जात होतं. जो जास्त वाढला, त्याला पाणी कमी. चारला चारशे नव्वद मिळालं, सतराला दोनशे चाळीस. निम्मं."

"चार नंबर टिकला नाही," मावशी म्हणाल्या. "तो खुजा राहिला म्हणून त्याला प्यायला मिळालं. आणि हा वाढला म्हणून मेला. वर तुम्ही म्हणता हयगय."

सरांनी रुमाल खिशात ठेवला. मग ते जे बोलले ते मावशी पुढे कितीतरी दिवस आठवून आठवून ऐकवत राहिल्या.

"हे तर सगळ्यांनाच माहीत असतं," सर म्हणाले.

"काय माहीत असतं?"

"की रोपाचं वजन हिशोबात धरावं लागतं. पुस्तकात दिलेलं आहे. दर आठवड्याला एक जादा रोप कापायचं, त्याचं वजन चिठ्ठीच्या आकड्यात मिळवायचं."

"मग जादा रोपं कुठे आहेत?"

पहिल्या खोलीत जादा रोपांसाठी ठेवलेला ओटा होता. त्याच्यावर गेल्या वर्षीपासून पाहुण्यांसाठी टेबलक्लॉथ घालून माहितीपत्रकं मांडली होती. ती मांडायची कल्पना कुणाची होती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"ठीक आहे," सर म्हणाले. "नव्याने लावू. वीसही वाण. शुक्रवारचा अहवाल मी थांबवतो. झालं? विषय संपला."

"तुमचा संपला. माझा नाही."

"आता काय राहिलं?"

मावशींनी पाण्याची वही आणली, उकाड्याने मऊ पडलेली, कोपऱ्यांवर मातीची बोटं उमटलेली. आजचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "लिहा. तुमच्या हाताने."

"अहो मावशी, लिहायचं काय त्यात..."

"बावीस वर्षं या वहीत मी लिहिते. तुम्ही एकदा लिहा."

दार उघडं नव्हतं, खोलीत अडतीस अंश होते आणि सरांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर येत होता. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पेन दिलं. सरांनी उभ्याउभ्या लिहिलं: पाणी बरोबर घातले होते. चिठ्ठीवरचा आकडा चूक होता. खाली सही केली. अक्षर इतकं घाणेरडं होतं की मावशींना ते दोनदा वाचावं लागलं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "जा आता. उकडतंय तुम्हाला."

सर गेले. दाराबाहेर पडल्याबरोबर कुणाला तरी फोनवर सांगताना ऐकू आले, "नाही हो, आमच्याच तपासणीत लक्षात आलं..."

"ऐकलंत?" मावशी म्हणाल्या. "आमच्याच."

छोट्या मॅडम हसल्या नाहीत. त्या कापलेल्या सतराची पानं उलटून बघत होत्या. "मावशी, तुम्ही माझ्यावर रागावलात का? मी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. सरळ सरांकडे गेले."

"रागवायला तुम्ही कोण लागता माझ्या?" मावशी म्हणाल्या. झारी उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाल्या, "ते ताप मोजायचं पिस्तूल आहे ना तुमच्याकडे? इकडे आणा."

मॅडमनी खिशातून ते छोटं यंत्र काढलं. लांबून रोखलं की पानाचं तापमान दाखवणारं.

सतराच्या उरलेल्या दोन कुंड्या अजून उभ्या होत्या, मान टाकून. "त्याचं पान बघा," मावशी म्हणाल्या.

"एक्केचाळीस. हवेपेक्षा जास्त. तोंडं मिटलेली आहेत, वाफ बंद."

"आता ते फूल बघा. वरचं, पिवळं."

मॅडमनी रोखलं. पुन्हा रोखलं. "छत्तीस." त्यांनी वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"हाताच्या मागच्या बाजूने. आठवडा झाला. पान चटका देतं, फूल देत नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मॅडमनी एकेक करून सगळी फुलं मोजली. छत्तीस, सदतीस, छत्तीस. मग चार नंबरची. तिथेही तेच. "काही वनस्पतींत असं दिसल्याचं वाचलंय मी," त्या घाईघाईने म्हणाल्या. "दोन्ही ताण एकत्र आले की पानांची तोंडं मिटतात आणि फुलांची उघडी राहतात. नुसत्या उकाड्यात तसं नसतं, नुसत्या तहानेतही नसतं. पण टोमॅटोत मी पहिल्यांदाच..."

"ते मरू दे. वाचलंय ना, मग सांगा." मावशींनी मेलेल्या, खरखरीत पानांमधून ते एक पिवळं फूल दोन बोटांत धरलं. त्यांच्या आवाजात अजून तोच तिरस्कार होता, फक्त आता तो कुणावर आहे हे मॅडमना कळेना. "मातीत अडीचशे ग्रॅमसुद्धा पाणी नाही. खालची पानं करपून चालली. तरी एवढ्याशा पाण्यातलं इथवर येतंय. याला डोकं नाही. घरात कुणी मोठं माणूस नाही, वर कुणी साहेब नाही. मग पानाचं तोंड मिटायचं आणि फुलाचं उघडं ठेवायचं, हे याच्यात ठरवतं कोण?"

"ते अजून नीटसं कुणाला माहीत नाही, मावशी."

"सात वर्षं काय करताय मग?" मावशी म्हणाल्या, आणि पुढची कुंडी उचलून काट्यावर ठेवताना पुन्हा विचारलं, "नाही, पण ठरवतं कोण?"